सोळा तासांची रात्र

तिसऱ्या वेळीही दाजीचं वीर्य पाण्यासारखंच निघालं. डॉक्टर मुजावर यांनी नळी दाराकडे धरून पाहिली, हलवली आणि बॅगेत ठेवली.

दाजी म्हणजे आमचा रेडा. नाव माझ्या बायकोनं, शालननं ठेवलं. रेडकू असताना तीन हाका मारल्याशिवाय तो दुधाला तोंड लावत नसे. शालन म्हणायची, "बघा, धाकटीचा नवरा परत रुसला." तेव्हापासून तो दाजी. पुढं सातशे किलोचा झाला तरी दाजीच.

"काका, हा बल्ब दिवसाढवळ्या का चालू आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

सकाळचे अकरा वाजले होते. "असू दे की," मी म्हणालो.

"रात्रीपण असतो?"

"असतोय."

"केव्हापासून?"

मला सांगायचं नव्हतं, पण त्या थांबून राहिल्या. मग सांगितलं. शालननं शेवटचे दोन दिवस गोठ्याला लागून असलेल्या, मधे भिंत नसलेल्या सोप्यात काढले. तिला म्हशी दिसायला हव्या होत्या. दसऱ्याच्या तीन दिवस आधी ती तिथंच गेली. जिथं जीव जातो तिथं आमच्यात तेरा दिवस दिवा ठेवतात. समई ठेवली तर जनावराचं शेपूट लागेल, कडबा पेटेल, म्हणून मी नऊ वॅटचा पांढरा बल्ब लावला. तेरावा झाला, पाहुणे गेले, बल्ब काढायचा राहिला. राहिला हे खरं नाही. रोज झोपायला जाताना बटणापर्यंत हात जायचा आणि परत यायचा. गल्लीतल्या सगळ्यांनी तो बल्ब पाहिला. कुणी बोललं नाही. काय बोलणार?

डॉक्टर गव्हाणीच्या काठावर बसल्या. "म्हणजे साडेतीन महिने," त्या म्हणाल्या. "काका, साडेतीन महिने ह्याला रात्रच मिळाली नाही."

पुढचं त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहितो. चुकलं तर चूक माझी.

मेंदूच्या मधोमध एक बारीक गाठ असते. डोळ्यांना अंधार कळला की ती मेलाटोनिन नावाचा रस रक्तात सोडते, उजेड झाला की थांबते. रात्र मोठी असेल तर रस जास्त तास वाहतो, लहान असेल तर कमी. जनावराजवळ कॅलेंडर नसतं. रस किती तास वाहिला ह्यावरून त्याच्या शरीराला महिना कळतो. हा रस थेट वृषणांना काही सांगत नाही. तो मेंदूच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीजवळ निरोप देतो. तिथून निरोप वर मेंदूत जातो, मेंदू पुन्हा त्याच ग्रंथीला हुकूम देतो, आणि मग ग्रंथीतून दोन हार्मोन निघून वृषणांपर्यंत पोहोचतात. त्यानंतर नराचं हार्मोन वाढतं, अंगाचा वास बदलतो, बीज तयार होतं. घोड्याचं ह्याच्या उलट आहे, त्याला मोठा दिवस लागतो. म्हैस, मेंढी, हरीण ही मोठ्या रात्रीची जनावरं. आश्विन-कार्तिकात रात्र वाढायला लागली की रेड्याच्या शरीराला कळतं, आपला हंगाम आला.

दाजीला ते कळलं नव्हतं. बाहेर कार्तिक झाला, मार्गशीर्ष झाला, पौष झाला. माझ्या गोठ्यात जेठ चालू होता.

आता दाण्याबद्दल सांगायला पाहिजे, कारण दाणा नसता तर एका रेड्याचं इतकं कुणाला पडलं नसतं. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका कंपनीनं तो आणला. तांदळाएवढा, कानामागं कातडीखाली बसवायचा. त्यातून मेलाटोनिन वर्षभर झिरपत राहतो. शरीराला वाटतं, कायम कार्तिकाचीच रात्र आहे. रेडे बारा महिने कामाला आले, म्हशी बारा महिने माजावर यायला लागल्या, उन्हाळ्यातली दुधाची टंचाई संपली. आम्ही सगळे खूश होतो. फक्त शालन अडून बसली. "सगळं वर्ष हंगाम असला तर इस्वाटा कवा घ्यायचा त्येंनी?" एवढंच तिचं म्हणणं. तिच्याजवळ शास्त्र नव्हतं. मी तिच्याशी भांडलो. शेजाऱ्यांच्या म्हशी चैत्रात दूध देत होत्या आणि आमच्या भाकड उभ्या असायच्या.

तिसऱ्या पिढीत दुखणं वर आलं. रात्र संपतच नाही म्हटल्यावर शरीरानं रात्रीकडं लक्ष द्यायचं सोडलं. रेडकाला पोटात असतानाच आईच्या रक्तातून दिवसरात्रीचा हिशोब शिकायला मिळतो. दाण्याच्या म्हशींनी तो चुकीचाच शिकवला. शिवाय दाण्यावरच्या रेड्याच्या बीजातही खूण उतरते, असं चार वर्षांपूर्वी कळलं. अशा दोघांचं रेडकू मोठं झालं की दाणा घाला, काढा, अंधारात ठेवा, काही उपयोग नाही. नरात बीजच धरत नाही. गेल्या वर्षी आमच्या तालुक्यात शंभर म्हशींतल्या अठरा गाभण राहिल्या. डॉक्टर मुजावर तीन जिल्हे फिरल्या. आईपासून दाणा न लागलेला, वयात आलेला रेडा त्यांना एकच सापडला.

आणि त्याच्यावर मी बल्ब लावून ठेवला होता.

मी उठून बटण बंद केलं. त्यात काही मोठं घडलं नाही. गोठा थोडा काळपट दिसला इतकंच.

"आता पुढल्या कार्तिकापर्यंत थांबायचं न्हवं?" मी म्हणालो. "नऊ महिनं."

डॉक्टर दाजीच्या डाव्या कोपरामागं छाती तपासायची नळी लावून ऐकत होत्या. मग त्यांनी त्याच्या गळ्याखालची लोंबती पोळी दाबली. बोटाचा खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"वैरण कमी केली आहे का ह्यानं?"

"दोन महिनं झालं. मला वाटलं, तिच्यासाठी."

त्यांनी गाडीतून तपासणीचं यंत्र आणलं, छातीवरून फिरवलं. पोटातून हृदयाकडं सरकलेली तार पडद्यावर दिसली. बोटभर लांब. पेंडीच्या पोत्याची असावी, खाताना पोटात गेलेली. शालन असताना पेंड चाळून टाकत असे. मी पोतं फाडायचो आणि ओतायचो.

"ऑपरेशनची वेळ गेली आहे," डॉक्टर म्हणाल्या. "औषधानं दोन महिने निघतील. फार तर अडीच."

मी बादली उपडी करून तिच्यावर बसलो. शालनच्या वेळीही असंच एका खुर्चीत बसून ऐकलं होतं. तेव्हा डॉक्टर पुरुष होते आणि आकडा चार महिने होता.

"एक मार्ग आहे," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. "दाणा बसवू. पन्नास दिवसांत बीज मिळेल. पण त्यावर खूण असेल. एक पिढी चालेल, पुढं पुन्हा हेच."

"दुसरा?"

"अंधार. खरा अंधार, रोज सोळा तास. आत्ता बाहेर साडेबारा तासांची रात्र आहे, ती पुरणार नाही. सत्तर दिवस लागतील. मधेच एखाद्या रात्री पंधरा मिनिटं उजेड पडला तरी शरीर समजतं, रात्र संपली."

"सत्तर दिवस त्यो जगंल?"

"सांगता येत नाही, काका."

मी दाजीकडं बघितलं. वीस वर्षं शालन सगळ्या गावाचं ऐकून घेत होती. माझंही. तिच्या कष्टाचं जे काही होतं ते ह्या एका नराच्या अंगात होतं, आणि अडीच महिन्यांत ते पुरलं जाणार होतं.

"अंधारच," मी म्हणालो.

पण अंधार आणायचा कुठून? माझ्या गोठ्याच्या कौलांतून चांदणंसुद्धा येतं. चौकात हायमास्टचा दिवा, पलीकडं साखर कारखाना. खताचं गोदाम बघितलं, वासानं जनावर मेलं असतं. गुऱ्हाळाच्या खोल्यांना दारंच नव्हती. तिसऱ्या दिवशी मी जयपाल मगदूमकडं गेलो. जयपाल माझ्या वर्गातला. त्याच्या वडिलांचं एक पडद्याचं थेटर अठरा वर्षं बंद पडून होतं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पान लावत विचारलं, "दाजी बाल्कनीत बसणार का खाली?"

"जयपाल, चेष्टा नको."

"चेष्टा कुठं? खुर्च्या भंगारात विकल्यात, खाली मोकळं रान हाय. बाल्कनीला मात्र जिना." त्यानं पान तोंडात टाकलं. "आमचा बाबा म्हणायचा, जिल्ह्यात असा काळोख दुसऱ्या थेटरात न्हाई. दुपारच्या खेळाला माणसं आपटायची आत आल्यावर. भाडं न्हाई घेणार तुझ्याकडनं. शेणाचं काय करणार तेवढं बोल."

"रोज उचलतो."

"उचल मग. आणि किस्नात, तू पण बसणार आत? सोळा तास?"

"एकटा ठेवला तर हंबरून छाती फोडंल त्यो."

जयपाल माझ्याकडं बघत राहिला. "थेटरच्या चाव्या घरातनं ने," तो म्हणाला. "शेल्फवर हायत."

आम्ही दोघांनी पडद्यामागची भोकं बुजवली, पंख्यांच्या खिडक्यांना काळी ताडपत्री दोन पदरी मारली. मुख्य दाराच्या आत दुसरा पडदा टांगला. हवेसाठी जयपालनं वाकडा पत्र्याचा बोगदा केला, त्यातून वारा यायचा, उजेड यायचा नाही. माघातल्या एका मंगळवारी दुपारी चार वाजता मी दाजीची वेसण धरून त्याला आत नेलं आणि दार लावलं.

मग रोज तेच. सकाळी आठला बाहेर, थेटरच्या आवारात सायकल स्टँडच्या जागी बांधायचं, धुवायचं, वैरण, औषध. चारला आत. अंधार इतका की डोळे उघडे आहेत की मिटलेले ते कळत नसे. मोबाइल मी बाहेर जयपालच्या खोलीत ठेवायचो. घड्याळसुद्धा काट्याचं, काच काढून बोटानं चाचपायचं. भाकरी अंधारात खायची. झोप तुकड्यातुकड्यानं. दाजी रवंथ करतोय तोवर ठीक. रवंथ थांबली की मी जागा व्हायचो.

अंधारात माणूस स्वतःशी फार बोलतो. मी शालनशी बोलत होतो असं कुणाला वाटेल. तसं नाही. मी तिच्याशी बोलायचं टाळत होतो. वैरण किती राहिली, पाणी किती लागलं, ह्याचीच गणितं करायचो.

डॉक्टर दर रविवारी सकाळी यायच्या. त्यांच्याजवळ शिंप्याची असते तशी टेप होती. तिनं त्या आधी वृषणाचा घेर मोजायच्या, मग त्याच टेपनं गळ्याखालची सूज. पहिल्या रविवारी घेर चोवीस सेंटिमीटर होता. तिसऱ्याला साडेचोवीस. पाचव्याला सव्वीस. सूजही त्याच मानानं वाढत होती. दोन्ही आकडे त्या एकाच पानावर लिहायच्या. मी ते पान बघत नसे. त्या मोठ्यानं वाचायच्या, म्हणून ऐकावं लागे.

सहाव्या आठवड्यात दाजी बदलला. अंगाला तो उग्र वास यायला लागला जो मी वर्षभर विसरलो होतो. सकाळी बाहेर काढला की शिंगानं माती उकरायचा, वरचा ओठ मुडपून वारा हुंगायचा. जयपाल म्हणाला, "बघ की, दाजींस्नी बायकोची आठवण आली." आणि लगेच गप्प झाला, कारण माझी बायको गेली होती. मी हसलो. खरंच हसू आलं. पण त्याच दाजीला आवारातून दारापर्यंतच्या तीस पावलांत दोनदा थांबून श्वास घ्यावा लागत होता.

एकोणपन्नासाव्या दिवशी संध्याकाळी दार उघडलं.

आम्ही आत जाऊन दीड-दोन तास झाले असतील. आधी कडीचा आवाज, मग टांगलेला पडदा बाजूला, आणि मावळतीच्या उन्हाचा पट्टा सरळ दाजीच्या तोंडावर. बाहेर अजून ऊन होतं. मी डोळ्यांवर हात घेऊन ओरडलो, "दार लाव. लाव दार."

"आबा?"

माझी मुलगी सानिका. बेळगावला असते. पंधरा दिवस माझा मोबाइल लागत नाही म्हणून आली होती.

"दार लाव म्हणतो न्हवं."

तिनं लावलं, पण आत राहून. ती कुठं उभी आहे ते मला दिसत नव्हतं. तिलाही मी दिसत नव्हतो.

"हे काय चालवलंयसा तुम्ही?" ती म्हणाली. "जयपालकाका सांगतात, दीड महिना झाला. ह्या नरकात तुम्ही झोपता?"

"तुझ्या आईचं हाय हे."

"आईचं काय हाय? आई गेली."

"तिच्या म्हशींची वेल हाय. वीस दिवस राहिलेत."

"त्याचा श्वास ऐकू येतो मला इथवर. कण्हतोय तो. तुम्हाला येत नाही?"

मला येत होता. आठवडाभर येत होता. मी त्याला रवंथ म्हणत होतो.

"वीस दिवसच," मी म्हणालो.

सानिका हळू बोलली, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. "आईलापण तुम्ही असंच म्हणाला. अकरा दिवस ती म्हणत होती, मला घरी न्या, म्हशींजवळ न्या. तुम्ही म्हणायचा, दोनच दिवस थांब, ही बाटली झाली की जाऊ. ही तपासणी झाली की जाऊ. मी दाराशी उभी असायचे, आबा. शेवटी आणली तेव्हा तिला म्हशी ओळखूपण येत नव्हत्या."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात दाजी बसला. बसला म्हणजे पुढचे पाय मुडपले आणि सगळं वजन एकदम खाली आलं. जमीन हादरली. मी चाचपत त्याच्या मानेपर्यंत गेलो. गळ्याखाली पखालीसारखं पाणी. छाती माझ्या हाताखाली धडधडत नव्हती, नुसती लवलवत होती.

"उजेड करू?" सानिकानं विचारलं. तिच्या हातात मोबाइल होता.

आजची रात्र मघाच मोडली होती. आणखी उजेडानं काय बिघडणार होतं? तरीही माझ्या तोंडून "नको" निघालं. ते ऐकून मलाच भीती वाटली. सवयीनं निघालं होतं ते. शालनच्या खाटेशी बसूनही मी अशाच आवाजात बोलायचो.

"कर," मी म्हणालो.

तिनं उजेड केला. दाजीचे डोळे उघडे होते आणि नाकपुड्यांना फेस होता. त्याच्या मानेशी मी कसा दिसत होतो कुणास ठाऊक, पण सानिका माझ्याजवळ येऊन बसली आणि तिनं माझ्या डोक्यावरचा वैरणीचा भुसा झाडला.

"डॉक्टरांस्नी फोन लाव," मी म्हणालो. "म्हणावं, उद्या सकाळी या. सगळं सामान घेऊन."

डॉक्टर मुजावर सात वाजता आल्या. रात्री त्यांनी फोनवर सांगितलेल्या औषधानं दाजी पहाटे पायांवर उभा राहिला होता. घेर सत्तावीस. सुजेवर त्यांनी टेप लावली नाही.

"एकदाच जमेल," त्या म्हणाल्या. "उडी मारताना हृदय थांबू शकतं. आणि वीस दिवस आधी आहे हे, बीज थोडं असेल."

"व्हय."

"थांबलात तर गोठवलेल्या बीजाच्या दोनशे कांड्या निघतील एवढं मिळू शकेल. औषध वाढवून बघता येईल."

"न्हाई मॅडम. त्येला लई झालंय."

घरून मोरी आणली. मोरी शालनची आवडती म्हैस. दाजी तिच्याजवळ गेला, हुंगलं, ओठ मुडपला. मला वाटलं आता पडणार. त्यानं उडी घेतली. तीन-चार सेकंद. डॉक्टरांनी नळीचं काम केलं आणि दाजी खाली आला, पाय फाकून उभा राहिला, मान खाली घालून.

तिकिटाच्या खोलीत त्यांनी सूक्ष्मदर्शक मांडला होता. मी दारात उभा राहिलो. त्या भिंगातून बघत होत्या. जयपालनं पानही खाल्लं नाही.

"या काका," त्या शेवटी म्हणाल्या.

मी डोळा लावला. आधी नुसतं धुकं. मग दिसले. फार नव्हते. भांड्यात मूठभर मोहरी टाकावी तितके. पण पळत होते, प्रत्येक जण आपल्याआपल्या दिशेनं, सरळ.

"सहा कांड्या होतील," डॉक्टर म्हणाल्या.

बाहेर आलो तेव्हा दाजी बसला होता. ह्या वेळी उठला नाही. मी डॉक्टरांना म्हणालो, आता त्याला मोकळं करा. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, इंजेक्शन भरलं. सानिकानं त्याची वेसण सोडवून घेतली. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. लवकर झालं. इतक्या लवकर होतं हे मला माहीत नव्हतं.

थेटरच्या मागच्या पडीत जयपालनं जेसीबी लावून खड्डा काढला.

त्यानंतरचं वर्ष थोडक्यात सांगतो. दाण्याच्या म्हशीला ह्या कांड्या देऊन उपयोग नव्हता, तिनं रेडकाला पोटातच चुकीचं शिकवलं असतं. म्हणजे आमच्या तीनच म्हशी: मोरी, चंद्री आणि पुतळी. उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका असतो. ओरडत नाही, दाखवत नाही. मी दिवसातून सहा वेळा तपासत होतो आणि तरी चुकत होतो. चैत्रात पुतळीला एक कांडी दिली, वैशाखात दुसरी. दोन्ही वाया. चंद्रीची पहिली जेठात गेली, दुसरी आषाढात. प्रत्येक वेळी एकवीस दिवस मोजायचे आणि एकविसाव्या दिवशी म्हैस परत माजावर आली की मागच्या भिंतीशी जाऊन उभं राहायचं. श्रावणात मोरीला पाचवी दिली. ती माजावर आली नाही. बाविसावा दिवस गेला, तिसावा गेला. सानिका रोज फोन करायची आणि आई कशी आहे विचारावं तसं विचारायची, मोरी कशी आहे.

कार्तिकात डॉक्टर मोठं यंत्र घेऊन आल्या. गेल्या महिन्यातच मोरीनं गाभ धरल्याचं कळलं होतं. आता नर की मादी ते दिसणार होतं.

"माणसाचं बघितलं असतं तर दोघं तुरुंगात गेलो असतो," त्या म्हणाल्या. मी हसू शकलो नाही. नर हवा होता. नर झाला तर त्याच्या एका हंगामातून हजार कांड्या निघणार होत्या. सगळा तालुका त्याच्यावर उभा राहणार होता.

त्यांनी पडदा बराच वेळ बघितला. यंत्र थोडं सरकवून पुन्हा बघितलं.

"पारडी आहे," त्या म्हणाल्या. "चांगली आहे. ठोके चांगले आहेत."

म्हणजे मादी. मी मोरीच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो. हात तसाच राहिला.

"तिला लावायला पुन्हा बिनदाण्याचा नर लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "एक कांडी आहे अजून. काका, माझं ऐका. ती आमच्या केंद्रातल्या टाकीत ठेवू. नायट्रोजनमध्ये पन्नास वर्षं टिकते. पुढं नवीन काही निघेल, एका कांडीतून जास्त काही करता येईल. आत्ता वापरली आणि वाया गेली, तर दाजीचं काहीच उरणार नाही."

त्यांचं बरोबर होतं. ती कांडी टाकीत आहे तोवर कुणी मला सांगू शकणार नव्हतं की संपलं. मी पन्नास वर्षं जगणार नव्हतो. मरेपर्यंत मला म्हणता आलं असतं, अजून एक आहे.

गोठ्याच्या त्या टोकाला चंद्री ओरडली.

सकाळपासून ओरडत होती. उन्हाळ्यातली मुकी चंद्री. रात्री मोठ्या झाल्या होत्या आणि ती शेपूट बाजूला धरून, दावं ताणून उभी होती. तपासायची गरजच नव्हती.

"कांडी गाडीत हाय का?" मी विचारलं.

"छोट्या टाकीत आहे. आज केंद्रात जमा करायची म्हणून घेतली होती." त्या थांबल्या. "काका, नीट विचार करा. आज ती राहील, न राहील. राहिली तरी नर असेल, नसेल. चारातला एक डाव आहे हा."

"व्हय."

"मग?"

"तिची येळ आज हाय," मी म्हणालो. "भरा, मॅडम."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मग हातमोजा चढवला. मी चंद्रीचं शेपूट धरलं. त्यांनी टाकीतून कांडी काढली, पाण्यात धरली, पुसली, टोक कापलं. त्यांचा हात कोपरापर्यंत आत गेला. चंद्री एकदा हलली आणि स्थिर झाली. कांडी बाहेर आली तेव्हा रिकामी होती.

"झालं," त्या म्हणाल्या. "एकवीस दिवस."

त्या हात धुवायला हौदाकडं गेल्या. मी चंद्रीपुढं वैरण टाकली आणि पेंड चाळायला बसलो.